मानेतून चढणारी डोकेदुखी

डोके कधीच दुखले नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. उन्हातान्हात फिरणे झाले, दोन रात्री जागरण झाले, घरात लग्नकार्य निघाले, की डोके ठणकते आणि एका झोपेत उतरतेही. त्या डोकेदुखीविषयी मला आज बोलायचे नाही. बोलायचे आहे ते महिनोन् महिने पिच्छा न सोडणाऱ्या दुखण्याविषयी. सकाळी उठतानाच मान धरलेली असते. दुपारपर्यंत मानेच्या मुळातून एक कळ वर चढते, डोक्याच्या मागच्या बाजूने कानशिलाकडे येते आणि दिवेलागणीला डोळ्याच्या मागे जाऊन बसते. घरची बाई म्हणते, "डोकं नुसतं उठलंय." घरातले म्हणतात, "बाम लाव आणि एक गोळी घे." गोळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळते. चार तास बरे जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असे दुखणे अंगावर काढणारी माणसे खेड्यात पुष्कळ आहेत, आणि शाळेतल्या गुरुजींत व बाईंतही ती कमी नाहीत. कोणी म्हणतो, वयच झाले आता. कोणी मनातल्या मनात घाबरलेला असतो, की डोक्यात काही गाठबीठ तर नसेल ना? बहुतेकांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. मग खरे काय असते, ते पाहू.

आपल्या मानेत सात मणके असतात. गुरुजींनी वर्गात मुलांना जरूर सांगावे, की जिराफाच्या एवढ्या लांबलचक मानेतही मणके सातच. फक्त तिथे एकेक मणका वीतभर लांबीचा असतो. मोठ्या माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो भरते. मान सरळ आणि डोके खांद्यांच्या बरोबर वर असले, की हा भार मणक्यांवर नीट उतरतो. मान पुढे वाकली, की तो भार मानेच्या मागच्या स्नायूंना ओढून धरावा लागतो. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर विहिरीपासून घरापर्यंत नेता येते. तीच कळशी हात लांब करून धरा, शंभर आकडे मोजायच्या आत खांदा भरून येईल. कळशीचे वजन वाढलेले नसते. ती अंगापासून लांब गेलेली असते, इतकेच. डोक्याचेही तसेच आहे. तासन् तास वाकलेल्या मानेचे स्नायू आखडतात, त्यांत दाबले तर दुखणाऱ्या गाठी जाणवू लागतात, आणि तिथून कळ निघते.

पण मान दुखते तर कपाळ का दुखावे? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि कपाळ, डोळे, चेहरा यांच्या संवेदना नेणारी नस, या दोहोंचे धागे मेंदूच्या खालच्या टोकाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दोन गावांचे टपाल एकाच थैलीत पडावे, तसा हा प्रकार. मेंदू थैली उघडतो, पण पत्र कोणत्या गावाहून आले हे त्याला दर वेळी ओळखता येत नाही. दुखणे मानेत, आणि तक्रार डोळ्यामागे!

याच्या उलटही घडते, आणि तेही ध्यानात ठेवावे. अर्धशिशीत एका बाजूचे कपाळ ठणके मारते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, मळमळते, उलटी होते. पुष्कळांची त्या वेळी मानही आखडते. दोष मूळचा मेंदूतल्या दुखण्याच्या यंत्रणेचा, आणि आपण मात्र मान चोळत बसतो. आपल्याकडे या दुखण्याला सर्रास पित्त म्हणतात. "पित्त उठलं, उलटी झाली की बरं वाटेल," असे म्हणणाऱ्या किती तरी बायाबापड्यांना खरी अर्धशिशी असते आणि तिला वेगळे, चांगले उपचार आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत ती सुमारे तिप्पट आढळते. तिसरा प्रकार ताणाच्या डोकेदुखीचा. त्यात डोक्याभोवती कोणी दोरी आवळल्यासारखे वाटते. ठणका नसतो, उलटी होत नाही, माणूस काम करू शकतो, पण उत्साह जातो. मानेतून येणारी डोकेदुखी ओळखण्याची एक खूण अशी, की ती बहुधा एकाच बाजूला असते, मान वळवली किंवा एकाच स्थितीत फार वेळ ठेवली की वाढते, आणि त्या बाजूला मान पूर्वीइतकी वळत नाही. मात्र हे तिन्ही प्रकार एकाच माणसात एकमेकांत मिसळलेलेही असतात. तेव्हा आपणच न्यायाधीश होऊन निकाल देऊ नये.

रक्तदाबाचेही एवढ्यातच सांगून टाकतो. डोके दुखले की 'बीपी वाढलं' असा आपला पक्का समज. वस्तुतः वाढलेला रक्तदाब बहुतेकांत काहीच दुखवत नाही, आणि म्हणूनच तो घातक आहे. डोके दुखो वा न दुखो, तिशी ओलांडलेल्या माणसाने तो वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा.

आता मानेवर हा भार येतो कुठून? भातलावणी, खुरपणी, कापसाची वेचणी ही सगळी ओणव्याची कामे. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप खांदे मागे खेचतो आणि तोल सांभाळायला मान पुढे जाते. गुरुजींचा भार निराळा: वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन तपासणे, फळ्यावर हात उंच करून लिहिणे, आणि आता त्यात मोबाइलवर माहिती भरण्याची भर. मोबाइल गुडघ्यावर आणि हनुवटी छातीला, असे अर्धा तास बसलेला माणूस आणि शेतात ओणवा झालेला माणूस यांच्या मानेला फरक काही कळत नाही. चाळिशीनंतर दोन भिंगांचा चष्मा लागतो. खालच्या भिंगातून वाचायला माणूस हनुवटी वर करून मान मागे मोडतो. अशांनी वाचण्यापुरता वेगळा चष्मा ठेवला तर मानेचे दुखणे पुष्कळदा हलके होते.

बायकांच्या डोक्यावरच्या हंड्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे, आणि वर आणखी कळशी. चुंबळ नीट बसलेली असेल आणि बाई ताठ चालत असेल, तर मणके तो भार बरा पेलतात. पण हे दिवसातून चार-सहा खेपा आणि वर्षानुवर्षे चालते. धंदा म्हणून डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजतात, असे काही देशांतल्या पाहण्यांत आढळले आहे. आपल्याकडे 1969 साली हमालांसाठी जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'माथाडी' हा शब्द आहे. याहून मोठा धोका आहे तो पाय घसरण्याचा. बांगलादेशात सावार येथे कण्याच्या दुखापतींवर उपचार करणारे एक मोठे केंद्र आहे. तेथे डोक्यावर ओझे असताना पडून मान मोडलेली माणसे फार येतात. तेव्हा निसरड्या पायवाटेने, पावसाळ्यात, बांधावरून डोक्यावर जड ओझे नेऊ नये. दोन हलक्या खेपा कराव्यात, किंवा सायकलला, गाड्याला लावावे. माझे तर असे मत आहे, की दाराशी आलेला नळ हा बाईच्या मानेवरचा पहिला उपाय होय, आणि ग्रामपंचायतीत पाण्याचा विषय निघेल तेव्हा हेही कोणी तरी बोलून दाखवावे.

तालुक्याला जाऊन एक्स-रे काढला, की बहुतेकांच्या हातात एक शब्द पडतो: स्पाँडिलायसिस. ऐकूनच माणूस अर्धमेला होतो. या शब्दाचा अर्थ मणक्यांची आणि त्यांमधल्या चकत्यांची झीज, एवढाच. जपानमध्ये 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानेची कसलीही तक्रार नसलेल्या सुमारे 500 लोकांच्या मानेचे एम.आर.आय. काढले होते. साठीच्या पुढच्या शंभरांतल्या 85 हून अधिक लोकांत चकत्या झिजलेल्या दिसल्या. यांतल्या कोणाचीही मान दुखत नव्हती! केस पिकतात तशी चकतीही झिजते. म्हणून फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नाही, आणि जन्माचे अपंगत्व आले असे तर मुळीच नाही. मानेचा पट्टाही असाच. अपघातानंतर किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्यास तो लावावा. साध्या दुखण्यात तो महिनोन् महिने लावून ठेवला तर आतले स्नायू आळशी होतात आणि मान अधिकच दुबळी बनते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः बोलायला आलो, त्या गोळ्यांकडे वळतो. डोके दुखले म्हणून गोळी घ्यावी, यात काही वावगे नाही. पण ज्या माणसाला मुळात डोकेदुखीची खोड आहे, तो रोजच्या रोज गोळी घेऊ लागला, की काही महिन्यांनी ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. हे ऐकून अनेकांना पटत नाही. पण जगभरच्या डॉक्टरांनी याचे मोजमाप ठरवून ठेवले आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेली गोळी 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांवर चालले असेल आणि डोके महिन्यातले निम्मे दिवस वा अधिक दुखत असेल, तर गोळीवरच संशय घ्यावा. मेंदूला तिची सवय लागलेली असते. गोळीचा अंमल उतरला की तो दुखणे पुन्हा वर काढतो, आणि माणूस पुन्हा गोळी घेतो. विशेष म्हणजे, गुडघेदुखीसाठी रोज हीच गोळी घेणाऱ्या पण डोकेदुखीची खोड नसलेल्या माणसाला असे सहसा होत नाही. शिवाय यांतल्या काही गोळ्या पोटात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात, तो भाग निराळाच.

यातून सुटण्याची वाट आहे, पण ती आधी थोडी चढणीची आहे. गोळी थांबवली की पहिले दोन ते दहा दिवस डोके अधिक दुखते, झोप लागत नाही, मळमळते. इथेच लोक हार खातात. हे दिवस काढले, की पुढच्या काही आठवड्यांत पुष्कळांचे दुखणे निम्म्यावर येते. म्हणून पेरणीच्या, परीक्षेच्या, लग्नाच्या दिवसांत हे सुरू करू नये. निवांत आठवडा निवडावा आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगूनच करावे. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या गोळ्या मात्र एकदम तोडू नयेत, त्यांचे उतरवणे डॉक्टरांच्या हाताखालीच झाले पाहिजे. आणि रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांना हे काही लागू नाही, त्या चालूच ठेवायच्या. पुढे सवय अशी ठेवावी, की डोक्यासाठीची गोळी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यायची नाही.

चहाचेही थोडेसे असेच आहे. दिवसाला सात-आठ कप घेणाऱ्याचा चहा एक दिवस चुकला की त्याचे डोके धरते. मशेरी लावणाऱ्या बाया म्हणतात, "लावली नाही तर डोकं दुखतं." ते तंबाखूच्या सवयीचे दुखणे असते, मशेरी हे त्यावरचे औषध नव्हे. उपवास, उन्हात पाण्यावाचून काम आणि अपुरी झोप यांनीही अर्धशिशी उठते. ज्याला हा त्रास आहे त्याने कडक उपवास करू नयेत. देव काही रागावणार नाही.

मानेला आराम कसा द्यावा? आखडलेल्या स्नायूंना शेक चांगला. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी चालेल, फक्त कातडी भाजेल इतकी गरम नको. हलक्या हाताने तेल चोळण्यास हरकत नाही. उशी अशी असावी, की कुशीवर निजल्यावर खांदा आणि कान यांमधले अंतर भरून निघेल. पालथे झोपू नये. काम ओणव्याचे असेल तर अर्ध्या तासाने एकदा ताठ उभे राहून खांदे मागे फिरवावेत. वह्या मांडीवर न घेता उंच मेजावर घ्याव्यात, मोबाइल डोळ्यांच्या पातळीपर्यंत उचलावा. पण खरा टिकाऊ उपाय म्हणजे मानेचा व्यायाम.

भिंतीला पाठ टेकून बसा. नजर समोर. आता मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घ्या, एखादा नकोसा वास नाकाशी आल्यावर आपण मागे सरतो ना, तशी. पाच आकडे मोजा आणि सोडा. असे दहा वेळा. मग तळहात कपाळाला लावा. डोक्याने हात रेटायचा आणि हाताने डोके हलू द्यायचे नाही. जोर सगळा नाही, तिसरा हिस्सा. पाच आकडे मोजून सोडा. हेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही कानांच्या वर. शेवटी दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणा, थांबा, सोडा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पुरतात. पहिल्या आठवड्यात थोडे दुखेल, त्याला भिऊ नये. मात्र हाताला मुंग्या येऊ लागल्या किंवा चक्कर आली तर थांबावे. ऑस्ट्रेलियात मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या 200 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना सहा आठवडे असे हलके व्यायाम शिकवले, त्यांचे दुखणे कमी झाले आणि वर्षभरानंतरही ते कमीच राहिले. योगासने करणाऱ्या गुरुजींना एक विनंती: मान दुखत असेतो शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन बाजूला ठेवा.

आणि कृपा करून कोणाकडून मान मोडून घेऊ नका. केस कापून झाल्यावर हनुवटी धरून कडकन् झटका देण्याची चाल अजून ठिकठिकाणी आहे. कड् असा आवाज झाला की सुटल्यासारखे वाटते. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतूनच वर जातात. झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटले तर तिथे गुठळी होते, आणि धडधाकट तरुणालाही पक्षाघात होतो. असे क्वचित होते हे खरे. पण क्षणभराच्या सुखासाठी एवढी जोखीम कशाला?

काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर शेक, व्यायाम, गोळी काहीही करत बसू नये. वीज पडावी तसे क्षणात उठलेले भयंकर डोके. ताप आणि मान ताठ होणे. एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, फिट येणे. पोटुशी बाईचे डोके दुखणे, त्यात डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंगावर सूज. फवारणीनंतर डोके दुखून घाम, लाळ, उलटी सुरू होणे: ही विषबाधा असते, आणि 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात तिने माणसे दगावली आहेत. अशा वेळी अंगावरचे कपडे काढून अंग धुवावे आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यावर घरातल्या सगळ्यांचीच डोकी दुखली, तर तो विषारी वायू समजून आधी सर्वांना बाहेर काढावे. या सगळ्यांत 108 क्रमांकावर गाडी बोलवावी.

दुसऱ्या काही खुणा सावकाश येतात आणि म्हणूनच फसवतात. दोन आठवड्यांवर रेंगाळणारा बारीक ताप, त्याबरोबर डोकेदुखी आणि माणूस गुंगल्यासारखा होणे, हा मेंदूच्या आवरणाचा क्षयही असू शकतो. म्हातारे माणूस न्हाणीघरात पडले, तेव्हा काही वाटले नाही, पण तीन आठवड्यांनी डोके दुखू लागले आणि ते असंबद्ध बोलू लागले, तर आत रक्त साकळलेले असते. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, आणि दिवसेंदिवस वाढत जाऊन सकाळी उलटी होणारी डोकेदुखी, यांची तपासणी झालीच पाहिजे. आणि मानेतली मज्जारज्जू दाबली जात असेल तर दुखणे थोडेच असते, पण सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, पायातली चप्पल निसटते आणि माणसाला कळत नाही, चाल ताठर होते, लघवीवरचा ताबा सुटतो. 'वयोमानानं होतंय' म्हणून हे सोडून दिले तर गेलेली शक्ती परत येईलच असे नाही. अशा माणसाला जिल्ह्याच्या रुग्णालयात लवकर न्यावे.

राहता राहिले मनाचे. कर्ज, मुलीचे लग्न, घरातले आजारपण यांचा घोर मानेच्या स्नायूंत उतरतो, आणि दुखणे जुने झाले की ते मनाला पोखरते. डॉक्टर अशा वेळी रात्री घेण्यासाठी एक औषध थोड्या प्रमाणात देतात. उदासपणासाठीही तेच वापरतात. चिठ्ठीवर ते पाहून कोणी सांगितले, "ही तर वेड्याची गोळी," तर ऐकू नका. ते दुखण्याची वाट अडवणारे औषध आहे, आणि वेदनाशामक गोळीप्रमाणे ते डोकेदुखी वाढवत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी महिनाभर एक गोष्ट करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या दिवशी डोके दुखले त्या तारखेला एक रेघ, ज्या दिवशी गोळी घेतली त्या तारखेला फुली. लिहिता न येणाऱ्या आजीसाठी हे काम शाळेत जाणारे नातवंड आनंदाने करील. तो कागद घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दुखणे कुठून सुरू होते, कुठे जाते, काय केल्याने वाढते ते सांगा. आणि घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्या.